घोड्यांतील दंतनिष्कासनाचे उपद्रव व त्यांवरील शस्त्रक्रिया

घोड्याची भंगलेली किंवा मुळाशी पू झालेली दाढ काढल्यानंतर जबड्यात उद्‌भवणारे विकार व ते बरे करण्यासाठी करावयाच्या शस्त्रक्रिया. घोड्याच्या वरच्या व खालच्या जबड्यांत प्रत्येक बाजूस सहा याप्रमाणे एकूण २४ दाढा (उपदाढा धरून) असतात. त्यांचा बराचसा भाग हाडात दडलेला असतो. चघळण्याने त्या दरवर्षी सु. २ ते ३ मिमी. झिजतात व साधारण तितक्याच बाहेर सरकतात. म्हणूनच लांब दाढ असलेल्या तरुण घोड्यात निष्कासन विशेष अवघड असते. शिवाय वरच्या जबड्यातील मागील दाढांची मुळे नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांशी (नासाकोटरांशी) निगडित असल्याने उपद्रवांचा संभव वाढतो.

इतिहास : मंगोलियातील घोड्यांच्या अवशेषांवरील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार धातूच्या लगामाचा वापर सुरू झाल्यावर, इ. स. पू. सु. ७५० पासून, तेथील पशुपालक लगामास अडणारी लहान अवशेषी उपदाढ काढीत असत. मोठ्या दाढांची शस्त्रक्रिया मात्र बऱ्याच नंतरची आहे. फ्रेंच पशुवैद्य एत्येन गीयोम लाफॉस यांनी १७४९ मध्ये शेंबा (ग्लँडर्स) या रोगावरील ग्रंथात घोड्याच्या हाडास छिद्र पाडून नासाकोटरे धुण्याचा उपचार सांगितला. पुढे अशाच छिद्रातून मुळावर ठोसणी ठेवून व हातोडीने ठोकून दाढ तोंडात पाडण्याची पद्धत रूढ झाली. ईथर (१८४६) व क्लोरोफॉर्म (१८४७) यांच्या वापरापूर्वी घोड्यास दोरांनी जखडून आडवे पाडणे एवढाच उपाय होता. अमेरिकन शल्यविशारद मेरिलट यांनी १९०६ मध्ये जनावरांच्या दंतवैद्यकावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यांत्रिक वाहनांमुळे घोड्यांचे महत्त्व घटले आणि ही विद्याही काही काळ मागे पडली.

उपद्रव व उपचार : ठोकून दाढ काढताना हाडाचे कपचे व मुळाचे तुकडे मागे राहतात, प्रसंगी जबडाही मोडतो. मृत हाडाचा तुकडा खोबणीत राहिल्यास पू वाहत राहतो. वरच्या जबड्यात खोबण भरून न आल्यास तोंड व नासाकोटर यांमध्ये नाडीव्रण होतो. त्यातून चारा कोटरात शिरतो व एका नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येतो. अशा वेळी क्ष-किरण चित्रण, अंतर्दर्शक किंवा संगणकीय छेदचित्रण यांनी कारण शोधतात. नंतर मृत हाड व तुकडे खरवडून काढतात, कोटर धुतात आणि खोबणीचे तोंड मेण किंवा ॲक्रिलिकाच्या बुचाने बंद करतात. जुनाट व्रणावर श्लेष्मकलेची झडप सरकवून शिवतात. वरचा ओठ उचलणारा स्नायू वळवून छिद्र बुजविल्याची तीन घोड्यांची नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रतिबंध : झायलाझीन (१९६२) व त्यानंतरची शामक औषधे आणि स्थानिक संवेदनाहरण यांमुळे घोडा उभा ठेवून दाढ तोंडावाटेच हळूहळू सैल करून काढणे सुकर झाले. एडिंबरो येथे १९९८–२००३ या काळात १०० घोड्यांवर केलेल्या अशा निष्कासनांचा वृत्तांत २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. हाड फोडावे लागत नसल्याने या पद्धतीत गंभीर उपद्रव कमी होतात. म्हणून शक्य तेथे तीच प्रथम अवलंबितात. दाढ काढल्यावर तिच्या समोरची दाढ झिजत नाही व वाढत जाते. म्हणून ती ठराविक काळाने कानशीने घासून घेणे आयुष्यभर आवश्यक असते.