शूल्य, भडित्रक आणि पांढरा रस्सा : भाजक्या मांसाच्या यादीत कोल्हापूर का नसते?

देशातील सर्वोत्तम बार्बेक्यू उपाहारगृहे कोणती, अशा याद्या समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. दिल्ली, लखनौ, हैदराबाद, मुंबई, बंगळूर ही नावे ठरलेली. कोल्हापूर त्यांत सहसा नसते. ज्या गावाची देशभरातील ओळखच मटणाशी जोडलेली आहे, ते गाव मांस भाजण्याच्या यादीत नसावे, हे विचित्र म्हणावे की स्वाभाविक? या धाग्यात त्याचा माग काढू. धागा लांब आहे; जेवून वाचायला बसलात तर उत्तम.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘बार्बेक्यू’ हा शब्द इंग्रजीत स्पॅनिशमधून आला आणि स्पॅनिशमध्ये कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून. मूळ अर्थ लाकडी मांडव, चौकट. तिच्यावर मांस-मासे ठेवून खाली मंद आच करीत. सोळाव्या शतकातील स्पॅनिश लेखनात तो नोंदला गेला आणि पुढे जगभर पसरला.

आपल्याकडील शब्द याहून फार जुने आहेत. पाणिनीच्या व्याकरणात, म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातच, ‘शूल्य’ आणि ‘उख्य’ ही रूपे कशी सिद्ध होतात ते सांगितले आहे. शुळावर भाजले ते शूल्य, उखेत म्हणजे हंडीत शिजवले ते उख्य. अमरकोशातही हे दोन वर्ग शेजारी-शेजारी येतात आणि शूल्याला तेथे आणखी एक पर्याय मिळतो : ‘भटित्र’. हा शब्द लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे. सळई आणि हंडी ही भारतीय मांसपाकाची दोन घराणी समजली, तर पुढचा इतिहास सोपा होतो.

शब्दांच्याही आधी राख आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घरांत-अंगणांत अग्निकुंडे, चुली आणि प्राण्यांची हाडे सापडली : गाय-बैल, शेळी-मेंढी, डुक्कर, सांबर, चितळ, काळवीट, ससा, शिवाय कासव आणि मासे. हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, काही हाडे भाजलेली आहेत. महाराष्ट्रातील भाजक्या मांसाचा हा हाती लागणारा जुना पुरावा. त्याला ना पाटी, ना मालकाचे नाव.

आता या विषयातील सर्वांत श्रीमंत साधनाकडे वळू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्या वेळी कोल्हापुरावर शिलाहार गंडरादित्याची सत्ता होती आणि शिलाहार हे चालुक्यांचे मांडलिक. म्हणजे या ग्रंथातील स्वयंपाकघर कोल्हापूरला परके नव्हे, वरिष्ठाच्या घरचे आहे. (मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ आणखी एका कारणासाठी ठाऊक असतो : महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे.) शंभर अध्यायांच्या या ग्रंथाची छापील आवृत्ती श्रीगोंदेकरांनी संपादित केली व बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून ती १९२५ पासून खंडशः निघाली. तिसऱ्या विंशतीतील ‘अन्नभोग’ हा अध्याय आपल्या कामाचा.

सोमेश्वर मांस भाजण्याविषयी लिहितो ते बल्लवाच्या शेजारी उभा राहिल्यासारखे. मांसाचे तुकडे करावेत, त्यांना भोके पाडून आत मसाला भरावा, सळईवर ओवून निखाऱ्यांवर भाजावे. या प्रकाराचे नाव ‘भडित्रक’. अमरकोशातील भटित्र ओळखलेत ना? डुकराचे वर्णन तर अधिकच तपशीलवार आहे. केस काढण्याच्या दोन रीती दिल्या आहेत : अंगावर कापड टाकून त्यावर उकळते पाणी ओतावे, किंवा अंगाला माती लिंपून गवताच्या जाळात धरावे. मग धुऊन भाजावे आणि ताडपत्रासारख्या पातळ चिरफळ्या काढाव्यात. आतड्यांचा भाजून केलेला पदार्थ आहे. कासव आहे. आणि नदीकाठच्या शेतांतील काळे उंदीरही आहेत, केस कसे काढावेत यासह.

मसाल्यांत हिंग, आले, मिरे, सैंधव. मिरची कोठेही नाही. ती पोर्तुगिजांबरोबर यायला अजून चार शतके होती. तांबड्या रश्श्याला ‘हजारो वर्षांची परंपरा’ लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

माझ्या मते या अध्यायातील सर्वांत मोठी गोष्ट पाककृती ही नव्हेच. एक चक्रवर्ती राजा भाजलेल्या उंदराची आणि डुकराची कृती संस्कृत श्लोकांत, कसलाही संकोच न बाळगता लिहितो. आज हेच पदार्थ खाणाऱ्या कातकऱ्याला वा वडाराला त्यावरून हिणवले जाते. नऊशे वर्षांत पदार्थ तोच राहिला. त्याच्याभोवतीची प्रतिष्ठा तेवढी उठून गेली.

सोमेश्वरानंतर कबाबाचे युग येते. माळव्यात मांडूच्या सुलतानांसाठी पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावर सिद्ध झालेला ‘निअमतनामा’ हा त्याचा सचित्र साक्षीदार. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थांबत नाही.

रायगडावर मात्र थांबायला हवे. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी हेन्री ऑक्झिंडेनचे इंग्रजी वकीलमंडळ गडावर होते. जॉन फ्रायरच्या ग्रंथात त्या मुक्कामाची हकीकत येते. गडावरची खिचडी पाहुण्यांना मानवेना. त्यांनी भाजलेल्या वा शिजवलेल्या मांसाची मागणी केली. ती मान्य झाली आणि रोज अर्धा बोकड त्यांच्याकडे जाऊ लागला. पायथ्याचा म्हातारा खाटीक एवढा चकित झाला की, हे कोण खाणारे आहेत ते पाहायला तो स्वतः गड चढून आला. आजवर वर्षानुवर्षांत जेवढे मांस त्याने विकले नव्हते, तेवढे या मोजक्या माणसांनी काही दिवसांत संपवले होते. ‘मराठे रोज मांसावर ताव मारीत’ या लाडक्या समजुतीला ही छोटी नोंद चांगलाच धक्का देते. मांस हा रोजचा घास नव्हता, प्रसंगाचा होता. आणि प्रसंगाला पंगत असते.

येथे कोल्हापूरचे उत्तर दिसू लागते. मांस भाजताना त्यातील पाणी आटते, चरबी निखाऱ्यावर गळते, वजन घटते. भाजण्यासाठी कोवळा आणि मऊ भागच लागतो. हंडीचे गणित नेमके उलटे आहे. हाड उकळले की अळणी निघते, त्याच अळणीतून पांढरा रस्सा होतो. उरलेल्याचे सुके आणि तांबडा. वजडी, मुंडी, पाय, इतकेच काय रक्तीसुद्धा, काहीही वाया जात नाही. एका बोकडात सारा भावकीचा मेळा जेवतो. राजाच्या ताटाला सळई परवडते, जत्रेच्या पंगतीला हंडीच हवी. पाणिनीच्या भाषेत सांगायचे तर कोल्हापूर हे ‘उख्य’ घराण्याचे गाव आहे.

शिवाजी पेठेत हे फार स्पष्ट दिसते. पेठ तालमींची : खंडोबा, वेताळ, फिरंगाई. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, तेव्हापासून या शहरात खुराक हा शब्द गंभीरपणे उच्चारला जातो. पैलवानाला हवे असते ते हाडांचे सत्त्व, आणि ते सळईवर मिळत नाही. तरीही पेठेत आग अगदीच नाही असे नाही. आषाढात मुंडी आणि पाय जाळावर धरून, केस जाळून, खरवडून दिले जातात, तेव्हा गल्लीभर जो वास पसरतो तो सोमेश्वराच्या बल्लवाने क्षणात ओळखला असता. फक्त येथे भाजणे ही पूर्वतयारी आहे. पदार्थ पुढे हंडीतच होतो.

मग त्या याद्यांतील ठिकाणे कोठून आली? दिल्लीत जामा मशिदीजवळचे करीम १९१३चे. लखनौच्या चौकातील टुंडे कबाबी १९०५चे. पण तो कबाब तव्यावरचा आहे, निखाऱ्यावरचा नव्हे, तेव्हा ‘बार्बेक्यू’च्या यादीत त्याला घालणे ही शुद्ध ढिलाई. मुंबईत ताजमहाल हॉटेलामागच्या गल्लीत मोहम्मद यासीन यांनी १९४६ मध्ये सीख कबाबाची गाडी लावली, तेच आजचे बडे मियाँ. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या निर्वासितांनी १९४७ मध्ये दिल्लीच्या दर्यागंजात मोती महल सुरू केले आणि तंदुरी कोंबडी देशभर गेली. आज पुणे-बंगळूर महामार्गावर कागलपर्यंत ज्या ‘तंदुरी’ पाट्या दिसतात, त्यांचे मूळ या स्थलांतरात आहे. २००६ मध्ये मुंबईच्या पाली हिलवर बार्बेक्यू नेशनचे पहिले दालन उघडले. टेबलातच शेगडी बसवून गिऱ्हाइकाच्या हाती सळई दिली गेली आणि मराठी तरुणांच्या बोलण्यात ‘बार्बेक्यू’ हा शब्द रुळला.

या याद्या खोट्या नाहीत, पण त्या उपाहारगृहांच्या याद्या आहेत. ज्याला भिंत, पाटी आणि बिल आहे तेच त्यांत येऊ शकते. महाराष्ट्रातील भाजण्याची परंपरा मात्र बहुतांशी भिंतीबाहेर, रानात वाढली. शिकारीचा वाटा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला, आणि ते योग्यच झाले. हुरडा आहे : कोवळ्या ज्वारीची कणसे शेतातल्या आगटीत, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजून हातावर चोळायची. मांस नसले तरी तंत्र तेच. कातकऱ्यांची रानातली आग आहे. आणि चान्या आहेत.

चान्या म्हणजे जनावराच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. निखाऱ्यावर भाजून खायच्या. मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिले, त्यात या अन्नाची सविस्तर नोंद आहे. आपल्यासारख्या इतिहासप्रेमींना येथे एक मोह होतो : ‘पाहा, हे आपले अस्सल देशी बार्बेक्यू!’ या मोहापासून सावध राहावे. हे मांस बहुधा मेलेल्या जनावराचे असे आणि ते ओढून नेण्याचे काम जातीने लादलेले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य घरांनी ते सोडले. म्हणजे या पदार्थाचे नाहीसे होणे हा विस्मरणाचा नव्हे, स्वाभिमानाचा इतिहास आहे. त्याची चव हळहळत शोधण्याआधी ज्यांनी ती टाकली त्यांची बाजू ऐकली पाहिजे. आणि ज्यांना ती चव आजही आपली वाटते, त्यांना ‘हे कसले खाणे’ म्हणण्याचा अधिकार इतरांना उरत नाही, तो निदान सोमेश्वर वाचलेल्यांना तरी नाहीच.

एवढे वाचून कोणी विचारील, मग जायचे कोठे? सीख हवी तर कुलाबा, तंदूर हवा तर दिल्ली. पण माझ्या यादीत पहिला क्रमांक रायगड जिल्ह्यातील पोपटीचा. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालतात, त्यावर शेंगा, मीठ-ओवा, मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी. तोंड पुन्हा पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाणी नाही, तेल नाही. मांस सळईवर नाही आणि हंडीत असूनही रस्सा नाही, तेव्हा ते शूल्य की उख्य हे पाणिनीलाच विचारावे लागेल. अलिबागच्या बाजूला कोणाचे मित्र असतील तर जानेवारीच्या आत ओळख वाढवून ठेवावी. शेंगा संपल्या की पोपटी संपली.