हलणारा डोंगर

जुनी माणसं डोंगराला नाव देतात ते उगाच नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या फ्रँक या गावाची हकिगत वाचल्यापासून माझी तशी खात्रीच झाली आहे.

रॉकी पर्वतात, टर्टल माउंटनच्या पायथ्याशी, १९०१ साली दगडी कोळशाच्या खाणीसाठी हे गाव वसलं. खाणीत भांडवल घालणाऱ्या फ्रँकसाहेबांचंच नाव त्याला मिळालं. तिथले मूळचे ब्लॅकफूट आणि कुटेनाई लोक मात्र त्या पहाडाला ‘हलणारा डोंगर’ म्हणत. त्याच्या जवळ ते मुक्काम करत नसत.

२९ एप्रिल १९०३. पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. डोंगर खरोखरच हलला. चुनखडीचा प्रचंड कडा कोसळला आणि जेमतेम दीड मिनिटात गावाचा एक भाग गाडला गेला. ७० हून अधिक माणसं गेली. खाणीत अडकलेले १७ कामगार कोळशाच्या थरातून वर वाट खणत संध्याकाळी बाहेर आले. पाहतात तो समोर नुसते दगड. कुणाकुणाचं तर घरच उरलं नव्हतं.

डोंगराची घडण मुळातच कच्ची होती. भेगांत पाणी शिरून गोठत होतं आणि पायथा खाणीनं पोखरला होता. तरीही काही आठवड्यांतच खाण पुन्हा सुरू झाली. ती कायमची बंद पडली १९१७ साली.

मेलेल्यांपैकी बहुतेक जण आजही त्या दगडांखालीच आहेत. त्यांना वेगळी कबर मिळाली नाही. डोंगराचं जुनं नाव ऐकायला मात्र तेव्हा कुणाला सवड नव्हती.