भिंत नसलेला तुरुंग

शिक्षा संपते, पण ‘इतकी वर्षं कुठे होतास?’ या प्रश्नापाशी रोजगार अडतो. औंध संस्थानाने १९३९ मध्ये यावर एक वाट काढली. राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने आणि मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसले. भोवती भिंत नव्हती. कैदी बायकामुलांसह राहत, शेती करत. त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आंखें बारह हाथ’ काढला. त्यातला जेलर सर्वांना आठवतो. मला ती जमीन आठवते. सुटणाऱ्याचे घर आणि कसब शाबूत राहिले, तर निम्मे काम झाले. उरलेले निम्मे तुमच्या-माझ्या उंबरठ्यावर आहे. तिथे आधी विचारायला हवे, ‘काय काम येतं तुला?’