लिंकन घराण्याच्या सात पिढ्या

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या घराण्याचा तेथील मूळ पुरुष विणकराकडचा उमेदवार होता, हे वाचून आम्हा कापड व्यवसायातील मंडळींस कौतुक वाटेल. सॅम्युअल लिंकन १६३७ साली इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्स वसाहतीत आला. सॅम्युअल, मॉर्डेकाय, पुन्हा मॉर्डेकाय, जॉन, अब्राहम, थॉमस आणि राष्ट्राध्यक्ष अब्राहम अशी ही वंशावळ. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया असे मुक्काम करीत पाचव्या पिढीने १७८२ च्या सुमारास केंटकी गाठले.

ती भूमी काही निर्मनुष्य नव्हती. मूळ रहिवाशांच्या शिकारीच्या मुलखाचे कागद परस्पर वाटले जात होते. १७८६ साली शेतात काम करीत असता आजोबा अब्राहम अशाच संघर्षात मारले गेले. मृत्युपत्र नव्हते. केंटकी तेव्हा व्हर्जिनियात मोडत असे. तेथील कायद्याने जमीन थोरल्या मुलाकडे गेली आणि आठ वर्षांचा थॉमस रिकाम्या हाती राहिला. पुढे सुतारकाम करून त्याने जमिनी घेतल्या, तर त्यांचे दस्तऐवज सदोष! काहीसे त्यामुळे, काहीसे गुलामगिरीमुळे त्याने १८१६ साली इंडियाना व १८३० साली इलिनॉय जवळ केले.

बाप इतक्या लवकर गेल्यावर थॉमसला पूर्वजांची नावे सांगणार कोण? १८४८ साली अब्राहम लिंकन यांनी मॅसॅच्युसेट्समधील एका आडनावबंधूस पत्राने विचारणा केली. नावांतील साम्याखेरीज त्यांच्या हाती काही लागले नाही. ही वंशावळ संशोधकांनी जुळवली ती त्यांच्या पश्चात.