१६० एकर फुकट, पाऊस मात्र आपल्या नशिबाचा

कल्पना करा, साल १८८६ आहे. तुम्ही एकविशी ओलांडली आहे, खिशात फारसे काही नाही. अमेरिकेचे सरकार म्हणते आहे, १६० एकर जमीन घ्या. सगळे शुल्क मिळून सुमारे १८ डॉलर. तिथे घर बांधायचे, पाच वर्षे राहायचे आणि जमीन कसायची. मग आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर तुमचे नाव लागणार. तुम्ही जाल का?

अब्राहम लिंकन यांनी १८६२ मध्ये सही केलेला हा होमस्टेड कायदा. त्याखाली पुढे सुमारे १६ लाख लोकांना जमिनीचे पट्टे मिळाले. 'जावे की नाही' हा हिशेब मी नेब्रास्का राज्यातल्या एकाच काउंटीपुरता मांडून पाहिला. ती म्हणजे कस्टर काउंटी. निवडण्याचे कारण सॉलोमन बुचर नावाचा फोटोग्राफर. त्याने स्वतः तिथे जमिनीवर दावा लावला, पण दोन आठवड्यांतच नाद सोडला. नंतर १८८६ पासून तो घोडागाडीत कॅमेरा टाकून शेजाऱ्यांचे फोटो काढत फिरला. ते फोटो आज फोनवर झूम करून बघता येतात.

आधी जमेची बाजू. त्याच वर्षी ब्रोकन बो या मुख्य गावापर्यंत रेल्वे पोचली होती, म्हणजे धान्य बाजारात नेण्याची सोय झाली. तोडायला जंगल नाही, नांगर थेट जमिनीत घालायचा. शिवाय कायदा त्या काळाच्या मानाने मोकळा होता. अविवाहित बाईलाही स्वतःच्या नावावर जमीन मागता येई. बुचरच्या एका प्रसिद्ध फोटोत क्रिसमन घराण्यातल्या चार बहिणी मातीच्या घरासमोर उभ्या आहेत. थोरल्या बहिणींनी आपापले दावे लावले. धाकटी वयात आली तोवर फुकट जमीन संपली होती.

आता खर्चाची बाजू. जंगल नाही म्हणजे लाकूडही नाही. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली माती नांगराने लाद्यांसारखी कापायची आणि तिच्या दोन-तीन फूट जाड भिंती रचायच्या. घर उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. पाऊस आला की मात्र छतातून चिखल टपकायचा. चुलीला वाळलेले शेण, आपल्या गोवऱ्यांसारखेच. एका फोटोत एका कुटुंबाने ऑर्गन बाजा अंगणात आणून ठेवला आहे. घरच्या बाईला गावाकडच्या लोकांना बाजा दाखवायचा होता, मातीचे घर नाही.

पाण्याचे काय? ओढ्याकाठी विहिरीला लवकर पाणी लागे. वरच्या सपाट माळावर शेकडो फूट खणावे लागे, नाहीतर पिंपे भरून गाडीने पाणी आणायचे. आणि काठाच्या जमिनी आधी आलेल्यांनी बहुतेक धरल्या होत्या. १८८६ मध्ये येणाऱ्याच्या वाट्याला बहुधा माळच येणार. जमीन फुकट, पण नांगर, जनावरे, बियाणे आणि पहिले पीक येईपर्यंतचे खाणे काही फुकट नव्हते.

खरी मेख पावसात होती. १०० अंश पश्चिम रेखावृत्त या काउंटीच्या पश्चिम भागातून जाते. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच सरकारला अहवाल दिला होता. साधारण या रेषेच्या पलीकडे वर्षाला २० इंच, म्हणजे सुमारे ५०० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो आणि निव्वळ पावसावरची शेती तिथे भरवशाची नाही, असे त्याचे म्हणणे. तिथल्या कुरणाच्या जमिनीवर एका कुटुंबाला २,५६० एकर हवेत, असा त्याचा हिशेब होता. माणदेशातल्या माणसाला ५०० मिलिमीटर म्हणजे काय, हे सांगावे लागणार नाही. १६० एकरांचा आकडा मात्र पूर्वेकडच्या ओल्या प्रदेशाच्या अनुभवातून आला होता.

मग लोक का गेले? ते मूर्ख नव्हते. १८८०च्या दशकात पाऊस चांगला झाला. नेब्रास्का विद्यापीठातले प्राध्यापक सॅम्युएल ऑगी सांगत होते की नांगरलेली जमीन पाणी धरते आणि त्यामुळे पाऊस वाढतो. चार्ल्स डाना विल्बर यांनी तर 'पाऊस नांगरामागून येतो' असे सूत्रच करून टाकले. बाहेर पाहावे तर पीक डोलत होते. १८८० मध्ये काउंटीत दोन हजारांच्या आसपास माणसे होती, १८९० मध्ये साडेएकवीस हजार.

१८९० कोरडे गेले. १८९३ मध्ये देशभर मंदी आली. १८९४ च्या जुलैत तापलेल्या वाऱ्यांनी उभा मका करपवला. पट्टा हाती आला की जमीन गहाण ठेवता येई, आणि अनेकांनी ती ठेवली होती. त्यांचे कर्ज फिटेना. १९०० ची लोकसंख्या १८९० पेक्षा कमी भरली. सरकारला चूक सुधारायला १९०४ उजाडले. तेव्हा किंकेड कायद्याने नेब्रास्काच्या कोरड्या भागात एका कुटुंबाला ६४० एकर देऊ केले.

एक नोंद या हिशेबात कुठेच येत नाही. या लूप नदीच्या खोऱ्यात पॉनी लोक राहत होते. १८७०च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. १८७७ मध्ये काउंटी स्थापन झाली, तेव्हा तिला आदल्याच वर्षी मूळ रहिवाशांशी लढताना मारल्या गेलेल्या जॉर्ज कस्टरचे नाव दिले. सरकारला 'फुकट' वाटता आली ती ही जमीन.

आज तिथे साडेदहा हजार लोक राहतात. जमिनीखालचे पाणी उपसून गोल फिरणाऱ्या तुषार यंत्रांनी मका पिकतो. शेते मोठी झाली, माणसे कमी.

तर मी गेलो असतो का? ओढ्याकाठची जमीन आणि दोन वर्षे पीक बुडाले तरी पुरेल एवढी शिल्लक असती, तर हो. माळावर, कर्ज काढून, नाही. पण ज्याच्याकडे तेवढी शिल्लक होती त्याला फुकट जमिनीची एवढी गरज नव्हती. ज्याला गरज होती, त्याला चांगल्या वर्षांचे पीक दिसत होते. तिथले सगळ्यात वाईट वर्ष कसे असते, हे सांगू शकणारी माणसे तिथून आधीच हलवली गेली होती.