मॉर्गनचं नाक आणि बाजारातली पत

फेडोर एन्के नावाचा जर्मन चित्रकार न्यूयॉर्कमध्ये जॉन पिअरपाँट मॉर्गनचं तैलचित्र करत होता आणि मॉर्गन काही केल्या समोर बसायला तयार नव्हता. तेव्हा एन्केने तोडगा काढला. फोटो काढून घ्यायचा आणि त्यावरून चित्र पुरं करायचं. साल 1903. फोटोग्राफर होता एडवर्ड स्टायकेन, वय चोविशीच्या आसपास. मॉर्गन येण्याआधी त्याने इमारतीच्या देखभालीवरच्या माणसाला खुर्चीत बसवून उजेडाची तालीम करून ठेवली होती, त्यामुळे प्रत्यक्ष काम तीनेक मिनिटांत आटोपलं. पहिली काच एन्केला हव्या त्या पवित्र्यात. मग स्टायकेनने मान जरा वळवायला सांगितलं, मॉर्गन वैतागला, आपल्याला सोयीचा होता तसा सावरून बसला आणि तेवढ्यात दुसरी काच उघडली गेली. इतक्या लवकर सुटका झाल्याच्या आनंदात त्याने या पोराला रोख पाचशे डॉलर दिले.

पहिल्या फोटोत स्टायकेनने नाक हाताने दुरुस्त केलं होतं. त्याच्या प्रती मॉर्गनने डझनाने मागवल्या. दुसरा फोटो त्याला दाखवला तेव्हा त्याने तो तिथल्या तिथे फाडून टाकला. आज जग मॉर्गनला त्या दुसऱ्या फोटोवरून ओळखतं. काळोखातून वर आलेला चेहरा, रोखलेले डोळे आणि खुर्चीच्या चकाकत्या हातावर ठेवलेली मूठ. त्या हातावरच्या उजेडाचा आकार असा की पाहणाऱ्याला मुठीत खंजीर दिसतो. नाकही दिसतं, पण सावलीत.

नाकाबद्दल एवढं लिहायचं कारण, ते त्या काळी सार्वजनिक मालमत्तेसारखंच होतं. चेहऱ्याच्या त्वचेच्या एका जुनाट विकाराने ते सुजलं, जांभळट झालं, त्यावर गाठी आल्या. व्यंगचित्रकारांना आयतं गिऱ्हाईक मिळालं आणि पोरांनी त्यावर गाणी रचली. एक गोष्ट तर अजून सांगितली जाते: ड्वाइट मॉरो या भागीदाराच्या घरी मॉर्गन चहाला येणार, म्हणून बाईंनी मुलींना ‘नाक’ हा शब्द काढायचा नाही अशी तंबी दिली, मुली शहाण्यासारख्या वागून आत गेल्या, आणि मग बाईंनीच पाहुण्याला चहात नाक किती घालू म्हणून विचारलं. गोष्ट बहारदार आहे, पण मॉरो भागीदार झाला 1914 मध्ये आणि थोरला मॉर्गन वारला 31 मार्च 1913 रोजी, रोममध्ये. गोष्टीला तारखा आडव्या येत नाहीत, हे आपल्याकडच्या बखरींच्या वाचकांना सांगायला नको.

यावर इलाज नव्हता असंही नाही. रशियाचा मुत्सद्दी सेर्गेई विट्टे 1905 मध्ये जपानशी तहाची बोलणी करायला अमेरिकेत आला होता. त्याने आपल्या आठवणींत लिहिलंय की बर्लिनच्या एका त्वचातज्ज्ञाचं नाव आपण मॉर्गनला सुचवलं होतं. मॉर्गनला तो उपाय ठाऊक होता. पण नाक बदलून मी अमेरिकेत रस्त्यावर दिसलो तर पोरंसुद्धा बोट दाखवतील, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. विट्टे हे गंमत म्हणून सांगतो. मला त्यात धंद्याचा हिशेब दिसतो. ज्या चेहऱ्यावर एकदा बाजाराचा विश्वास बसला, त्यात फेरफार करणं म्हणजे शिक्का बदलण्यासारखंच.

आणि विश्वास प्रचंड होता. 1901 मध्ये त्याने उभी केलेली युनायटेड स्टेट्स स्टील ही जगातली पहिली शंभर कोटी डॉलरांहून मोठी कंपनी, भांडवल 140 कोटी. 1907 च्या घबराटीत न्यूयॉर्कच्या पतसंस्थांच्या प्रमुखांना त्याने आपल्या ग्रंथालयात बोलावलं, दाराला कुलूप लावलं आणि सह्या होईपर्यंत कोणाला बाहेर सोडलं नाही. देखणेपणाने यश मिळतं या समजुतीला एवढं सणसणीत उत्तर दुसरं शोधावं लागणार नाही.

पण इथेच एक गाठ आहे. स्वतःच्या फोटोवर चिडणारा हा माणूस भागीदार निवडताना मात्र रूपाला भाळत असे. मॉर्गन कंपनीचे भागीदार दिसायला राजबिंडे, हा वॉल स्ट्रीटवर विनोदाचा विषय होता. त्यांतला शिरोमणी रॉबर्ट बेकन. हार्वर्डचा, थिओडोर रूझवेल्टचा वर्गबंधू, वल्हवणं, मुष्टियुद्ध, फुटबॉल सगळ्यांत पुढे. लोक त्याला ग्रीक देवाची उपमा देत. 1894 मध्ये मॉर्गनने त्याला भागीदार केलं. 1901 च्या वसंतात मॉर्गन युरोपात विश्रांतीला गेला आणि घर बेकनच्या हाती राहिलं. त्याच काळात एडवर्ड हॅरिमनने नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे शेअर मुकाट्याने उचलायला सुरुवात केली, आणि मॉर्गनच्या पेढीला जाग आली तोवर फार उशीर झाला होता. 9 मे रोजी बाजार कोसळला. हॅरिमन, जाताजाता सांगायचं तर, बुटका, चष्मिष्ट, झुपकेदार मिशांचा, मुळीच देखणा नसलेला गृहस्थ. बेकनची तब्येत त्या ताणाखाली खचली आणि दोन वर्षांच्या आत तो पेढीतून बाहेर पडला. पुढे तो परराष्ट्र खात्यात गेला, 1909 मध्ये जेमतेम सव्वा महिना अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री होता, मग फ्रान्समध्ये राजदूत. म्हणजे रूपाने त्याला खाली पडू दिलं नाही, फक्त दुसऱ्या खोलीत नेऊन बसवलं.

डिसेंबर 1912 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या पूजो समितीपुढे मॉर्गनची साक्ष झाली. वकील सॅम्युअल अंटरमायर त्याला घेरू पाहत होता: कर्ज शेवटी पैसा आणि मालमत्ता पाहूनच दिलं जातं ना? मॉर्गनचं म्हणणं, नाही. आधी माणसाचं चारित्र्य, मग बाकीचं. खिशात दमडी नसलेला माणूस आपल्या कचेरीत आला आणि आपण त्याला दहा लाखांचा धनादेश दिला, असंही घडल्याचं त्याने सांगितलं. ज्यावर विश्वास नाही त्याने जगातले सगळे रोखे आणले तरी त्याला पैसा मिळणार नाही.

ही साक्ष मी मराठीत आणत होते तेव्हा ‘क्रेडिट’ या शब्दापाशी थबकले, अडचणीमुळे नव्हे, तर शब्द फारच नेमका सापडल्यामुळे. मराठीत ‘पत’ म्हणजे कर्जाची ऐपतही आणि अब्रूही. पतपेढीतली पत आणि गावात गेलेली पत एकच. हिंदी-गुजरातीतली ‘साख’ही अशीच दुहेरी. अंटरमायर ज्या दोन गोष्टी वेगळ्या काढू पाहत होता त्या आपल्या भाषांनी कधी वेगळ्या केल्याच नव्हत्या. आणि अब्रूचा अवयव कोणता म्हणाल, तर मराठीत नाकच. ते कापलं जातं, वर राहतं, मुठीत धरावं लागतं.

मात्र साक्षीत एक प्रश्न विचारला गेला नाही. दार उघडून आत आलेल्या माणसाचं चारित्र्य दिसतं कुठे? मॉर्गनचं उत्तर बहुधा ओळखपाळख, घराणं, चर्च, क्लब असं असतं. पण त्या काळाकडे आणखी एक तयार उत्तर होतं. लावाटरने 1775 ते 1778 या काळात चेहऱ्यावरून स्वभाव वाचण्याचं शास्त्र चार खंडांत मांडलं आणि युरोपभर ते वाचलं गेलं. फिट्झरॉय कप्तान त्याच्या इतका आहारी गेला होता की 1831 मध्ये बीगल जहाजावर डार्विनला घ्यावं की नाही याबद्दल त्याच्या मनात खळखळ होती. असल्या नाकाचा माणूस सफरीचे कष्ट सोसणार नाही, असं त्याला वाटलं. आपल्याकडे सामुद्रिक होतंच. अमेरिकेत 1914 मध्ये कॅथरिन ब्लॅकफर्ड आणि आर्थर न्यूकम यांनी नोकरभरतीवर पुस्तक काढलं; केसांचा-कातडीचा रंग, डोक्याचा आकार पाहून कोणाला विक्रीला घ्यावं आणि कोणाला हिशेबाला, याची ती पद्धत. गोरा, पिंगट केसांचा माणूस धडाडीचा, ही त्यातली गृहीतं. ‘चारित्र्य’ या सभ्य शब्दाआड वंश किती सहज लपतो ते तिथे दिसतं.

हे सगळं मागे पडलं असं वाटतं, पण 2008 मध्ये निकोलस रूल आणि नलिनी अंबाडी यांनी फॉर्च्युनच्या यादीतल्या वरच्या आणि खालच्या कंपन्यांच्या प्रमुखांचे चेहरे विद्यार्थ्यांना दाखवले. कोणाला ओळखत नसताना विद्यार्थ्यांनी ज्यांना कणखर ठरवलं, त्यांच्या कंपन्यांचा नफा जास्त निघाला. ड्यूक विद्यापीठातल्या ग्रॅहम, हार्वे आणि पुरी यांना मात्र वेगळं दिसलं: कर्तबगार दिसणाऱ्यांना मोबदला जास्त मिळतो, कंपनीची कामगिरी काही त्यामुळे सुधारत नाही. मला ही दुसरी बाजू जास्त पटते, बेकनमुळे. शिवाय ‘अट्रॅक्टिव्ह’ला मी ‘देखणा’ लिहू की ‘रुबाबदार’ की ‘भारदस्त’, यावर निष्कर्षच बदलतो. मॉर्गन देखणा नव्हता. भारदस्त मात्र त्याच्याइतकं कोणी नव्हतं. आणि बाईला ‘भारदस्त’ म्हटलं की मराठीत ते कौतुक राहत नाही.

बाईचा विषय निघाला म्हणून बेल दा कोस्टा ग्रीन. मॉर्गनने 1905 मध्ये आपल्या हस्तलिखितांसाठी नेमलेली ग्रंथपाल. तरुण, अत्यंत डौलदार, कपड्यांची शौकीन, लिलावात भल्याभल्यांना हरवणारी. स्टायकेनचा तो फाडलेला फोटो हेच मॉर्गनचं खरं चित्र, असं तिने सांगितल्यावर मॉर्गनचं मत फिरलं आणि तो प्रत मिळवायला धडपडू लागला. स्टिगलिट्झकडच्या प्रतीसाठी पाच हजार डॉलर देऊ केले, ती मिळाली नाही. स्टायकेनने नव्या प्रती करायला मुद्दाम वेळ लावला.

‘दा कोस्टा’ हे आडनाव गोव्यामुळे आपल्या कानांना परकं नाही. तिने मात्र ते आपल्या सावळ्या रंगाला पोर्तुगीज आजीचा खुलासा असावा म्हणून लावलं होतं. तिचे वडील रिचर्ड ग्रीनर, हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर, 1870 चे. आई आणि भावंडांसह ती गोरी म्हणून जगली. मॉर्गनने मृत्युपत्रात तिला पन्नास हजार डॉलर ठेवले, 1924 मध्ये ती त्या ग्रंथालयाची पहिली संचालक झाली आणि 1948 पर्यंत राहिली. तिच्यासाठी चेहरा हा रोजचा धनादेश होता, रोज वटवून घ्यायचा. 1950 मध्ये ती वारली, त्याआधी तिने आपली खासगी कागदपत्रं जाळून टाकली होती. वॉशिंग्टनमधला जन्मदाखला तेवढा राहिला. मॉर्गनची चरित्रकार जीन स्ट्राउस हिला तो पुढे सापडला, त्यावर नाव होतं बेल मॅरियन ग्रीनर.