गारगोटी ते इलेक्ट्रॉनिक त्वचा

पाथर्डीच्या माळावर गारगोटी पायाखाली येते ना? ती मुळात क्वार्ट्‌झच. अशा स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार तयार होतो, हे १८८० मध्ये पॅरिसला जाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं. हाच पिझोइलेक्ट्रिक परिणाम. पण कडक स्फटिक मनगटावर गुंडाळणार कसा?

१९६९ मध्ये जपानच्या हेइजी कावाई यांनी पीव्हीडीएफ या प्लॅस्टिकची फिल्म ताणली, तापवून तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवली. तीही दाबाला प्रतिसाद देऊ लागली. ती वाकते, पण त्वचेसारखी ताणून पुन्हा मूळ आकारात येत नाही. रबरात पिझो पावडर मिसळली तर ताण जमतो. मात्र मऊ रबरच दाब खाऊन टाकतं आणि सिग्नल घटतो.

हा पेच अजून पुरता सुटलेला नाही. विषय निवडताना नुसते पेपर मोजू नका, असा पेच शोधा.